हात शिकवण्याआधी हाक शिकवावी : प्रसूतिकक्षातील निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागात दरवर्षी नवे निवासी डॉक्टर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत जेआर-वन, रुजू होतात, तेव्हा त्यांच्या हातात नेमकी किती तयारी असते याचा अंदाज शिकवणाऱ्याने आधी घ्यावा. इंटर्नशिपच्या वर्षात या विषयासाठी सात आठवडे राखलेले असतात आणि त्यांतला बराचसा वेळ प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकात डोके घालून गेलेला असतो. त्यामुळे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची कारणे धडाधड सांगणाऱ्या मुलीने सैल पडलेल्या गर्भपिशवीवर हात एकदाही ठेवलेला नसतो, असे सर्रास आढळते. हा लेख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापक, वरिष्ठ निवासी डॉक्टर आणि जिल्हा रुग्णालयांत शिकवणारे तज्ज्ञ यांच्यासाठी आहे. तीन वर्षांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणापैकी पहिल्या वर्षावर त्यात भर दिला आहे, कारण पुढच्या दोन वर्षांत ज्या सवयी सोडवताना नाकी नऊ येतात, त्या बहुतेक याच वर्षात लागलेल्या असतात.

पहिला आठवडा : काम न देता बसवणे

नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी रक्ताचे नमुने पोहोचवायला आणि सोनोग्राफीच्या तारखा आणायला पाठवण्याची पद्धत जवळपास सर्वत्र आहे. ती मोडणे अवघड असले, तरी निदान पहिल्या आठवड्यात रोज चार तास त्या डॉक्टरला एकाच बाळंतिणीजवळ बसवावे. दाखल झाल्यापासून वार पडेपर्यंत तिच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात आणि एक कळ किती सेकंद टिकते हे मोजायचे, कळ ओसरल्याबरोबर बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट ऐकायचे, आणि हे सारे घड्याळाकडे पाहून लिहायचे. असे पाच बायकांच्या बाबतीत झाल्याशिवाय मी कोणाला हातमोजे घालू देत नाही. कळेच्या वेळी पोट कसे घट्ट होते, नंतर कसे सैल पडते आणि ते सैलच पडले नाही तर काय समजायचे, हे तळहाताला एकदा कळले की पुढची अर्धी शिकवणी सोपी होते.

याच आठवड्यात त्यांना इन्चार्ज सिस्टरांच्या हवाली करावे. ट्रे कसा मांडायचा, बाळाचा वॉर्मर आधीच कसा तापवून ठेवायचा, सक्शन चालू आहे की नाही हे ड्युटी सुरू होतानाच कसे पाहायचे, हे त्यांच्याइतके नेमके कोणी शिकवत नाही. सिस्टर आपल्या हाताखाली आहेत अशा समजुतीने आलेला डॉक्टर पहिल्याच रात्री उघडा पडतो. आठवड्याच्या शेवटी एक लहानशी परीक्षा घ्यावी : डोळे मिटायला सांगून औषधांच्या ट्रॉलीतील कोणत्या कप्प्यात काय आहे हे विचारावे. गर्भपिशवी आकुंचित करणारी ऑक्सिटोसिन आणि कार्बोप्रोस्ट ही औषधे फ्रीजमध्ये असतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण रात्री तीन वाजता त्या फ्रीजची किल्ली कोणाकडे असते, या प्रश्नावर निम्मे गप्प बसतात.

पीव्ही आणि पार्टोग्राफ

अंतर्गत तपासणी (पीव्ही), म्हणजे योनीमार्गातून बोटांनी गर्भपिशवीचे तोंड किती उघडले ते पाहणे, शिकवण्यासाठी सुताराकडून प्लायवुडची एक फळी करून घ्यावी आणि तिच्यात तीनपासून दहा सेंटिमीटरपर्यंत व्यासाची भोके पाडून घ्यावीत. फळी कापडाखाली ठेवून दोन बोटांनी व्यास ओळखायचा, मग पट्टीने मोजायचे. पंधरा-वीस मिनिटांच्या या खेळामुळे पुढे बायकांचा बराच त्रास वाचतो, कारण एकाच बाईची चार जणांनी रांगेने पीव्ही करणे हे शिकवणे नव्हे. ते संसर्गाला आमंत्रण आहे आणि त्या बाईचा अवमानही आहे.

प्रत्यक्ष रुग्णावर तपासणी करताना क्रम ठरलेला असावा. आधी तिला सांगून परवानगी घ्यायची, लघवी करून यायला सांगायचे, पडदा ओढायचा, पोटावरून डोके किती खाली उतरले आहे हे पाहायचे आणि मगच हात धुऊन मोजे घालायचे. तपासणी झाल्यावर जेआरने आपले निरीक्षण कागदावर लिहावे आणि ते न वाचता वरिष्ठाने एकदाच, तीही ठरलेल्या चार तासांच्या तपासणीच्या वेळीच, तपासावे. पिशवीचे तोंड किती उघडले यात एक सेंटिमीटरहून अधिक फरक निघाला, किंवा डोक्याची स्थिती वेगळी निघाली, तर बाजूला जाऊन बोलावे. नवख्यांची चूक बहुधा ठरावीक असते : डोक्यावर आलेल्या सुजेला ते डोके समजतात आणि बाळ खूप खाली आले असे लिहून मोकळे होतात. पोटावरून डोके अजून तीन बोटे लागत असेल तर बाळ खाली आलेले नाही, हे त्यांच्याकडून दर वेळी वदवून घ्यावे. आणि एक नियम पहिल्याच दिवशी ठासून सांगावा : अंगावरून रक्त जात असलेल्या गरोदर बाईची, वार कुठे आहे हे सोनोग्राफीत पाहिल्याखेरीज, पीव्ही करायची नाही.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा आलेख, याबद्दल आपण सर्वांनीच थोडे प्रामाणिक व्हायला हवे. अनेक ठिकाणी तो बाळंतपण आटोपल्यावर भरला जातो, आणि असा आलेख ओळखणे सोपे असते, कारण त्याची रेषा फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सुधारित पार्टोग्राफमध्ये नोंद चार सेंटिमीटरपासून सुरू होई आणि सावधानतेच्या रेषेपासून चार तास उजवीकडे कृतीची रेषा असे. २०२० साली आलेल्या नव्या लेबर केअर गाइडमध्ये सक्रिय अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरली आहे आणि आईला सोबत कोण आहे, तिने पाणी प्यायले का, याही नोंदी त्यात आहेत. आपल्याकडे कोणताही तक्ता असो, राउंडच्या वेळी ‘किती उघडले आहे?’ एवढेच न विचारता ‘पुढच्या चार तासांत काय व्हायला हवे, आणि झाले नाही तर तू काय करशील?’ असे विचारावे. हा प्रश्न रोज विचारला जाणार हे कळले की तक्ते वेळेवर भरले जाऊ लागतात.

प्रसूती, वार आणि टाके

पहिल्या काही प्रसूतींमध्ये वरिष्ठाचे हात जेआरच्या हातांवर असावेत, त्यानंतरच्या प्रसूतींत वरिष्ठाने मोजे घालून शेजारी उभे राहावे, आणि पुढे पडद्याच्या बाहेर. कोणत्या टप्प्यावर किती प्रसूती हे आकड्यांत बांधता येत नाही, कारण काही जणांचे हात दहा प्रसूतींत स्थिरावतात तर काहींना चाळीस लागतात, आणि उशिरा स्थिरावणारे कमी प्रतीचे असतात असेही नाही. डोके हळूहळू बाहेर येऊ देणे, पेरिनियमला (योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागाला) आधार देणे आणि मानेभोवती नाळ आहे का हे पाहणे, एवढे जमले तरी पहिल्या महिन्यात पुष्कळ झाले. पोटावर कोपराने दाब देण्याची प्रथा काही ठिकाणी अजून टिकून आहे. ती नव्या डॉक्टरने शिकूच नये याची जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे.

बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत देणे, बाळ रडत असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापणे, एका हाताने गर्भपिशवी वर थोपवून धरत दुसऱ्याने नाळ संथपणे ओढणे, हा क्रम त्यांना पाठ असतोच. शिकवायचे असते ते वार पाहणे. वार ट्रेमध्ये उलटीसुलटी पसरून, रक्ताच्या गुठळ्या पुसून, सगळे तुकडे एकमेकांना जुळतात का आणि पडद्याच्या कडेला तुटलेली रक्तवाहिनी दिसते का, हे जेआरने स्वतः पाहून सही करावी. ‘वार पूर्ण’ असे न पाहता लिहिलेले दोन शब्द पुढे किती महाग पडतात हे प्रत्येक युनिटला ठाऊक आहे.

टाक्यांचा सराव आधी स्पंजवर. खुर्चीच्या जाड फोमच्या तुकड्याला कात्रीने तिरका छेद द्यावा, आत श्लेष्मल पडदा म्हणून गुलाबी कापडाची पट्टी शिवावी आणि पहिला टाका छेदाच्या वरच्या टोकाच्या साधारण एक सेंटिमीटर वर घ्यायला लावावा. तो टाका खाली राहिला, तर वर आखडून गेलेली रक्तवाहिनी बांधलीच जात नाही आणि चार तासांनी बाईला बसवत नाही इतकी सूज येते. एपिसिऑटमी, म्हणजे बाळाची वाट मोठी करण्याचा छेद, सरसकट करायची नाही, आणि केलीच तर डोके दिसू लागून पेरिनियम ताणलेले असताना, मध्यरेषेपासून ६० अंशांच्या कोनात. टाके पूर्ण झाल्यावर गुदद्वारातून बोट घालून तपासणे आणि गॉजचे तुकडे मोजून तो आकडा केसपेपरवर लिहिणे, या दोन गोष्टी झाल्याशिवाय मोजे काढायचे नाहीत.

आणीबाणीची रंगीत तालीम

रक्तस्रावाचा अंदाज डोळ्यांनी घेता येत नाही हे सांगून पटत नाही, ते दाखवावे लागते. लाल रंग घातलेले ५०० मिलिलिटर पाणी लेबर टेबलवरच्या चादरीवर ओता, थोडे बादलीत आणि थोडे गॉजवर जाऊ द्या, आणि प्रत्येकाला आकडा लिहायला सांगा. माझ्या अनुभवात बहुतेक जण निम्मा आकडा लिहितात, आणि त्यांत अधूनमधून प्राध्यापकही असतात. त्यानंतर मापाच्या खुणा असलेला ड्रेप, म्हणजे बाईखाली रक्त साठवणारी पिशवीसारखी चादर, कसा लावायचा आणि भिजलेले मॉप वजन करून, कोरे वजन वजा करून, एक ग्रॅमला एक मिलिलिटर असा हिशेब कसा करायचा हे शिकवावे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. असा ड्रेप लावून रक्तस्राव लवकर ओळखणे आणि सर्व प्राथमिक उपचार एकदमच सुरू करणे, एवढ्यामुळे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. म्हणजे पोट चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी या गोष्टी एकामागून एक वाट पाहत करायच्या नसतात.

तालमीत प्रत्येकाला नेमून दिलेले काम असावे. एकाने पोट चोळायचे आणि मूत्राशय रिकामे करायचे, एकीने दोन जाड सुया लावून रक्त पाठवायचे, सिस्टरांनी एक लिटर सलाईनमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन लावायचे, एकाने वेळ लिहायची. ट्रानेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत, शिरेतून आणि प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. रक्तदाब वाढलेला असेल तर मेथर्जिन नाही, दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नाही. ही दोन वाक्ये तालमीत मोठ्याने म्हणायला लावावीत, कारण धावपळीत हात आधी सवयीच्या औषधाकडे जातो. कंडोम आणि कॅथेटर बांधून टॅम्पोनाड (गर्भपिशवीत फुगवून रक्तस्राव दाबणारा फुगा) तयार करण्याचा सराव प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, घड्याळ लावून करावा.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या रुग्णासाठी मॅग्नेशियम सल्फेटचे गणित फळ्यावर नव्हे, अॅम्प्यूल हातात घेऊन शिकवावे. आपल्याकडे मिळणाऱ्या ५० टक्क्यांच्या दोन मिलिलिटर अॅम्प्यूलमध्ये एक ग्रॅम औषध असते. प्रिचर्ड पद्धतीने शिरेतून द्यायचे चार ग्रॅम म्हणजे चार अॅम्प्यूल, आठ मिलिलिटर. त्यात बारा मिलिलिटर सलाईन मिसळले की २० टक्क्यांचे २० मिलिलिटर द्रावण होते आणि ते पाच मिनिटांत सावकाश द्यायचे. त्यानंतर प्रत्येक कुल्ल्यात पाच-पाच ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अॅम्प्यूल, पातळ न करता, खोल स्नायूत. एकूण चौदा अॅम्प्यूल फोडायचे असतात, आणि घाबरलेल्या हातांना ते फोडायला किती वेळ लागतो हे अॅम्प्यूलवर सराव करताना कळते. चौदा अॅम्प्यूल, सिरिंजा, सलाईन आणि कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅग्नेशियमचा उतारा) असा एक डबाच बांधून ठेवावा. दर चार तासांनी पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, मिनिटाला किमान १६ श्वास आणि तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी या तिन्ही गोष्टी पाहिल्याची नोंद हवी.

हाक कधी आणि कशी मारायची

या लेखात मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते इथे आहे. मी व्याख्याता झाले त्या वर्षी एका रात्री अडीच वाजता जेआर-वन मुलीचा फोन आला : बाळंतपण होऊन तास झाला आहे, अंगावरून फारसे जात नाही, पण नाडी ११२ आहे. मी झोपेत, काहीशा वैतागाने, ‘बघ जरा, अर्ध्या तासाने सांग’ म्हणाले. ती मुलगी बाईपाशीच बसून राहिली आणि वीस मिनिटांनी तिने पुन्हा फोन केला. योनीच्या बाजूला रक्ताची मोठी गाठ साचत होती. वेळेत शस्त्रक्रिया झाली, बाई घरी गेली. त्यानंतर तीन आठवडे त्या मुलीचा रात्री एकही फोन आला नाही आणि ती आता तयार झाली असा माझा समज झाला. एका सकाळी राउंडला मला समजले की तिने आदल्या रात्री १६०/११० रक्तदाबाची बाई चार तास एकटीने सांभाळली होती. ‘मॅडम, तुम्हाला उगाच उठवायचं नव्हतं,’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून एखाद्या जेआरचा फोन अजिबात येत नसेल तर मी लेबर रूममध्ये जाऊन पाहते.

म्हणून कोणत्या वेळी फोन करायचाच, याची यादी युनिटने लिहून भिंतीवर लावावी आणि तिच्यावर युनिटप्रमुखाची सही असावी. आमच्या यादीत नाडी ११० च्या वर, किंवा नाडी भागिले वरचा रक्तदाब ०.९ वा अधिक, रक्तदाब १६०/११० किंवा जास्त, बाळाचे ठोके ११० च्या खाली वा १६० च्या वर, बाळाभोवतीचे पाणी गढूळ, चार तासांत काहीच प्रगती नाही, ५०० मिलिलिटर रक्तस्राव, आणि शेवटी ‘काहीतरी बरे वाटत नाही’ हेही कारण म्हणून लिहिले आहे. यादीतील कारणासाठी आलेल्या फोनवर कोणीही रागावायचे नाही. हा नियम वरिष्ठांसाठी आहे आणि तो पाळणे यादी लिहिण्यापेक्षा बरेच कठीण जाते.

फोनवर बोलण्याची रीतही शिकवावी लागते. घाबरलेला डॉक्टर गोष्ट पहिल्या तिमाहीपासून सुरू करतो. ‘मॅडम, मला तुम्ही लगेच यायला हव्या आहात’ हे वाक्य सर्वांत आधी, मग बाई कोण, काय घडते आहे, आतापर्यंत काय केले, एवढे अर्ध्या मिनिटात. ऐकणाऱ्याने सूचना दिल्या की जेआरने त्या परत म्हणून दाखवायच्या. ड्युटी बदलतानाची हँडओव्हर मात्र फोनवर नको. ती प्रत्येक खाटेजवळ उभे राहून, बाईच्या समोर, तिचे नाव घेऊन व्हावी.

सिझर उलट्या क्रमाने

सिझेरियन शिकवताना पहिला छेद देण्याचा मान आधी देऊ नये. काही दिवस दुसरा, मग पहिला मदतनीस म्हणून काम केल्यानंतर त्वचेचे टाके, मग रेक्टस शीथ (पोटाच्या स्नायूवरचे आवरण), मग गर्भपिशवीचे टाके, त्यानंतर पोट उघडणे, मूत्राशय खाली सरकवणे आणि अगदी शेवटी बाळ काढणे, अशा उलट क्रमाने जावे. शिवताना थांबता येते, वरिष्ठाला विचारता येते. बाळ काढताना तेवढी उसंत नसते. पहिले सिझर झालेल्या बाईचे दुसरे सिझर आणि गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडून डोके कटिभागात रुतलेले सिझर, ही दोन्ही पहिल्या वर्षात फक्त पाहावीत. अशा रुतलेल्या डोक्यासाठी आधी खांदे बाहेर काढण्याची रीत पटवर्धन यांनी १९५७ मध्ये मोतशॉ यांच्यासोबत मांडली आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. बाहुली आणि प्लास्टिकच्या कटिभागावर ती हाताने करून दाखवल्याशिवाय नुसत्या वर्णनाने समजत नाही. तसेच गोमंतकीय डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या टाक्याचे, म्हणजे गर्भपिशवीचे तोंड बांधून ठेवणाऱ्या टाक्याचे, आहे : परीक्षेत त्याचे नाव सगळे घेतात, शस्त्रक्रियागृहात बहुधा सोपा असलेला मॅकडोनाल्डचा टाका घातला जातो, आणि दोन्हींत मूत्राशय सरकवण्याचा फरक आहे हे विचारले की शांतता पसरते.

शिकवणाऱ्याने समोरच्या बाजूला उभे राहावे आणि हात शक्यतो आवरावेत. चिमटा हिसकावून घेण्याची ऊर्मी प्रत्येकाला येते. ‘थांब, आता काय दिसते आहे ते सांग’ या वाक्याने बहुतेक वेळा काम भागते. मात्र दोन मिनिटांत सुधारले नाही तर केस हातात घेण्याचा निर्णय वरिष्ठाने कसलीही चिडचिड न करता घ्यावा.

बोलणे, कागद आणि कायदा

‘आधी कळत नव्हतं का?’ असे कळा देणाऱ्या बाईला ऐकवणारा डॉक्टर ते वाक्य कुठून तरी शिकलेला असतो, आणि बहुधा ते आपल्याच लेबर रूममधून. बाईला ताई म्हणावे, मोठीला मावशी म्हणावे, आणि तपासणीपूर्वी काय करणार ते सांगावे. मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारकडील भिलोरी बोलणाऱ्या बाईची संमती इंग्रजी छापील फॉर्मवरच्या अंगठ्याने पूर्ण होत नाही. तिची भाषा येणारी आशाताई किंवा नातेवाईक शोधावी लागते.

कायद्यातील तीन गोष्टी पहिल्या महिन्यातच सांगाव्यात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते आणि ठरावीक गटांसाठी २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोघांचे लागते, आणि त्यात प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. १८ वर्षांखालील मुलीच्या गरोदरपणात पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू होतो. सोनोग्राफीत लिंग सांगणे, खुणेनेही, गुन्हा आहे.

प्रतिक्रिया, विश्रांती आणि निरोपाचे पान

चुकीबद्दल बोलायचे ते त्याच ड्युटीत, पण रुग्ण, नातेवाईक आणि इंटर्न यांच्यासमोर नव्हे. ‘टाके नीट घाल’ याने काही कळत नाही. ‘वरचे टोक तुला दिसत नव्हते, तेव्हा कडा मागे ओढून धरणारा मदतनीस मागायला हवा होतास’ याने कळते. लॉगबुकमध्ये पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, एकट्याने केले असे चार रकाने असावेत आणि सही त्याच आठवड्यात व्हावी. तीन वर्षांच्या सह्या परीक्षेआधी एका बैठकीत करणे कोणालाच शोभत नाही. मातामृत्यूच्या आढावा बैठकीत जेआरला आरोपीसारखे उभे करू नये. त्याच्याकडून फक्त घटनाक्रम घ्यावा आणि रक्त यायला उशीर का झाला याचे उत्तर व्यवस्थेकडून मागावे.

२०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत वाजवी कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी यांचा उल्लेख आहे. तो वाचून हसण्याची आपल्याकडे प्रथा असली, तरी छत्तीस तास जागलेल्या डॉक्टरला सिझर शिकवू नये एवढे तरी युनिट स्वतः ठरवू शकते. सकाळच्या राउंडनंतर त्याला घरी पाठवावे.

तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमाला जेआर निघतो त्याआधी त्याच्यासोबत बसून एक पान लिहावे. वरच्या भागात तो एकट्याने काय करू शकतो, मधल्या भागात कोणी शेजारी असेल तरच काय करायचे, आणि खालच्या भागात काय करायचेच नाही, तर रुग्णाला स्थिर करून पुढे पाठवायचे. हे पान दोघांनी सही करून त्या रुग्णालयातील तज्ज्ञांना आधी पाठवावे, आणि त्याच्या तळाशी रात्री उचलला जाईल असा आपला फोन नंबर लिहावा.